दहा मिनिटांचा काळोख: वन बीएचकेत लार्ज फॉरमॅट फिल्म धुताना

आजच्या भागात पाहुणे नाहीत, मी एकटीच बोलणार आहे. फिल्म फोटोग्राफीचा विषय निघाला की तुमच्या मेसेजमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "ताई, ते सगळं ठीक आहे, पण आमच्या वन बीएचकेमध्ये डार्करूम कुठे करू?" आणि लार्ज फॉरमॅट म्हटलं की लोक त्याच्याही आधी हात टेकतात. म्हणून आज फक्त तेवढंच बोलूया. ४×५ इंचाची शीट फिल्म, भाड्याचं घर, एक बाथरूम, आणि घरात आणखी तीन माणसं ज्यांना ते बाथरूम लागतं.

ऐकून सोडून द्यायचं असेल तर एवढं एकच वाक्य लक्षात ठेवा: फिल्म धुवायला अंधारी खोली लागत नाही, दहा मिनिटांचा अंधार लागतो. बाकी सगळं दिवे लावून, मोबाइलवर गाणी लावून करता येतं.

आधी थोडं: ही शीट म्हणजे काय

३५ मिलिमीटरचा रोल बहुतेकांनी पाहिलाय. त्यात छत्तीस फोटो. लार्ज फॉरमॅटमध्ये रोल नसतोच. पोस्टकार्डाएवढी एक सुटी शीट असते आणि एका शीटवर एकच फोटो. तिचं क्षेत्रफळ ३५ मिमीच्या एका फ्रेमच्या साधारण तेरा पट भरतं. त्यामुळे जुन्या ग्रुप फोटोंमध्ये मागच्या रांगेतल्या माणसाच्या सदऱ्याची गुंडीसुद्धा मोजता येते.

पण किंमतही तशीच. एका शीटला काही शे रुपये पडतात. कॅमेरा तिवईवर, डोक्यावर काळं कापड, फोकस, मोजमाप, आणि मग एक क्लिक. दिवसभरात सहा फोटो झाले तर खूप झाले. आता या सहा शीट कुठल्यातरी लॅबला कुरिअरने पाठवायच्या, आठवडाभर वाट बघायची, आणि लॅबवाला त्या सगळ्या एकाच वेळेत, एकाच पद्धतीने धुणार. शीट फिल्मचा सगळ्यात मोठा फायदा तिथेच वाया जातो. तो फायदा काय, ते पुढे सांगते.

अंधार नेहमीच फिरता होता

डार्करूम म्हणजे बंगल्यातली स्वतंत्र खोली, हे चित्र तसं अलीकडचं आहे. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कोलोडियनची पद्धत जाहीर केली. काचेवर रसायन लावायचं, ते ओलं असतानाच फोटो काढायचा आणि वाळायच्या आत धुवायचा. म्हणजे जिथे फोटो तिथेच डार्करूम. फोटोग्राफर तंबू घेऊन फिरायचे. सॅम्युअल बोर्न १८६० च्या दशकात हिमालयात गेला, तेव्हा काचा, बाटल्या आणि तंबू वाहायला हमालांचा तांडा सोबत होता. आपल्याकडे मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि भाऊ दाजी लाडांचे भाऊ डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या सदस्यांपैकी होते. या लोकांसाठी अंधार ही सामानातली एक वस्तू होती.

मग १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनची कोरडी प्लेट सुचवली. फोटो आज काढा, सावकाश नंतर धुवा. आपली आजची फिल्म त्याच जिलेटिनची वंशज आहे. हे जिलेटिन लक्षात ठेवा, मे महिन्याच्या गोष्टीत ते परत येणार आहे.

दहा मिनिटं कशाची?

शीट फिल्म होल्डरमध्ये असते. होल्डरमधून काढून टाकीत घालणं, एवढंच काम अंधारात करायचं असतं. टाकीचं झाकण बसलं की दिवा लावा.

पण अंधार म्हणजे पूर्ण अंधार. आजच्या बहुतेक ब्लॅक अँड व्हाइट फिल्म पॅन्क्रोमॅटिक असतात, म्हणजे लाल रंगासकट सगळा प्रकाश त्यांना दिसतो. सिनेमात दाखवतात तो लाल दिवा इथे चालत नाही. रात्री बाथरूममध्ये बसा, दाराखाली टॉवेल लावा, झरोक्यावर काळा कागद चिकटवा. आणि मग लगेच कामाला लागू नका. दहा-पंधरा मिनिटं नुसते बसा. डोळे सरावले की आपल्या घरात किती दिवे आहेत ते कळतं. गीझरचा इंडिकेटर. स्विचबोर्डवरचा तो बारीकसा लाल ठिपका. वॉशिंग मशीनचा डिस्प्ले. मनगटावरचा फिटनेस बँड, हात हलवला की उजळणारा. फोन तर बाहेरच ठेवा.

खात्री करायची असेल तर नाण्याची चाचणी करा. फिल्मचा एक तुकडा अंधारात काढून ठेवा, त्यावर पाच रुपयांचं नाणं, पाच मिनिटं थांबा, मग तुकडा धुवा. धुतल्यावर नाण्याचा गोल दिसला तर प्रकाश कुठूनतरी येतोय. दिसला नाही तर तुमचं बाथरूम पास.

बाथरूम पास होत नसेल तर चेंजिंग बॅग घ्या. दोन बाह्या असलेली काळी दुहेरी पिशवी; फिल्म, टाकी आत, हात बाह्यांतून आत. यातली अडचण म्हणजे घाम. आपल्या हवेत पाच मिनिटांत आत दमट होतं आणि शीट बोटांना चिकटायला लागते. म्हणून काम रात्री उशिरा किंवा पहाटे करा, आणि पिशवीच्या आत एक उघडा पुठ्ठ्याचा खोका ठेवा, म्हणजे कापड फिल्मवर पडत नाही.

अंधारात शीटची बाजू कशी ओळखायची? शीटच्या एका कोपऱ्यात खाचा असतात. शीट उभी धरली आणि खाचा वरच्या कडेला उजव्या हाताकडे आल्या, की रसायनाची बाजू तुमच्याकडे. प्रत्येक फिल्मच्या खाचा वेगळ्या असतात, त्यामुळे कुठली फिल्म आहे हेही बोटांना कळतं. आधी एका वाया गेलेल्या शीटवर डोळे मिटून दहा वेळा सराव करा.

टाकी: विकत किंवा जुगाड

शीटसाठी खास टाक्या मिळतात. काहींत चार शीट अर्ध्या लिटरपेक्षा कमी रसायनात होतात. पॅटरसनच्या तीन रिळांच्या साध्या टाकीत बसणारे सहा शीटचे होल्डरही मिळतात, त्यांना एक लिटर लागतं. पैसे असतील तर घ्या, आयुष्य सोपं होतं.

नसतील तर केसांचे रबरबँड. याला जगभर टॅको पद्धत म्हणतात, मी सुरळीची वडी म्हणते. शीट रसायनाची बाजू आत ठेवून एकाच वेढ्यात सैल वळवायची आणि मध्ये रबर लावायचं. अशा चार सुरळ्या तीन रिळांच्या टाकीत उभ्या ठेवायच्या. रसायनाची बाजू आत असल्यामुळे दोन शीट एकमेकींना घासल्या तरी पाठीलाच पाठ लागते.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. पहिली: टाकीतली मधली पोकळ दांडी काढायची नाही. रीळ नाहीये तर दांडी कशाला, असं वाटतं. पण झाकण आणि ती दांडी मिळूनच प्रकाश अडवतात. दांडी नसेल तर टाकी म्हणजे नुसतं भांडं. दुसरी: सुरळीच्या पाठीला रसायन नीट पोहोचत नाही, त्यामुळे गुलाबी-जांभळट डाग राहू शकतात. घाबरू नका. फिक्सिंग झाल्यावर रबर काढा, शीट ट्रेमध्ये सपाट ठेवून पुन्हा दोन-तीन मिनिटं फिक्सरमध्ये हलवा. तेव्हा दिवा चालू असला तरी चालतो.

रसायनं आणि आपला उन्हाळा

कृती चार पायऱ्यांची आहे. डेव्हलपर, स्टॉप, फिक्सर, पाणी.

डेव्हलपरमध्ये सगळ्यात जुना आणि समजूतदार गडी म्हणजे कोडॅकचा डी-७६, १९२७ पासूनचा. त्याचं सूत्र उघड आहे: एक लिटरमध्ये २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन आणि २ ग्रॅम बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार. तयार पावडर मिळाली तर तीच घ्या, पण मिळाली नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही.

इल्फर्ड एचपी५ प्लस ही फिल्म आणि डी-७६चा जुळा भाऊ आयडी-११, निम्मं पाणी घालून, २० अंशांवर: १३ मिनिटं. पहिल्या दहा सेकंदांत टाकी चार वेळा उलटसुलट करायची, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला पुन्हा चार वेळा. हळू. टाकी म्हणजे कॉकटेलचा शेकर नव्हे.

आता खरी अडचण. हे २० अंश आणायचे कुठून? मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी अंगाला पोळतं. डेव्हलपर जितका गरम तितका वेगात काम करतो, आणि वेळ फार कमी झाला की एकसारखं धुतलं जात नाही; पाच मिनिटांच्या खाली जाऊच नये. शिवाय जिलेटिन गरम पाण्यात फुगून मऊ होतं. एक पाणी थंड आणि पुढचं गरम असं झालं, तर त्याला बारीक सुरकुत्या पडतात, त्या परत जात नाहीत.

म्हणून २० चा हट्ट सोडा आणि २४ वर या. २० वरून २४ वर गेलं की वेळ साधारण सत्तर टक्के होतो, म्हणजे १३ ची जवळपास ९ मिनिटं. २४ अंश आपल्याला परवडतात. मोठ्या टबात पाणी घ्या, त्यात बर्फाची बंद पिशवी सोडा आणि त्या टबात रसायनाच्या बाटल्या तासभर उभ्या ठेवा. बर्फ रसायनात थेट टाकायचा नाही, प्रमाण बिघडतं. धुण्याचं पाणीसुद्धा त्याच टबात आधीच भरून ठेवा. नागपूर-अकोल्याकडच्या मंडळींना एक सोय जास्त आहे: माठ. कोरड्या हवेत माठातलं पाणी छान उतरतं. मुंबईच्या दमट हवेत बाष्पीभवन मंद, त्यामुळे माठावर फार भिस्त ठेवू नका. आणि थर्मामीटर हवाच, अंदाज चालणार नाही.

स्टॉपसाठी साधं पाणी दोनदा, किंवा एक भाग पांढऱ्या व्हिनेगरला तीन-चार भाग पाणी. फिक्सर किती वेळ? फिल्मचा छोटा तुकडा फिक्सरमध्ये टाका, तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट. ही चाचणी प्रत्येक वेळी करा, कारण जुना झालेला फिक्सर तोंडाने सांगत नाही.

धुण्यासाठी नळ अर्धा तास सोडून ठेवायची गरज नाही. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या सोसायटीत तर तो गुन्हाच आहे. इल्फर्डची पद्धत वापरा: टाकी भरा, पाच वेळा उलटसुलट, पाणी ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. झालं. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या, बॅटरीच्या दुकानात मिळतं तेच. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके निगेटिव्हवर वाळले की फोटोतल्या आकाशात चांदण्या दिसतात.

लॅबला जमत नाही ते

आता मघाशी राहिलेला फायदा सांगते. रोलवर छत्तीस फोटो एकत्र असतात, त्यामुळे सगळ्यांना एकच वेळ. शीट सुटी असते, म्हणून प्रत्येक शीटचा वेळ वेगळा ठेवता येतो. सावलीतला तपशील फोटो काढतानाच्या एक्स्पोजरवर ठरतो. उजेडाचे भाग किती भडक होणार, ते धुण्याच्या वेळेवर. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास झोन सिस्टीम बसवली ती याच पायावर.

माझ्या मामाच्या चाळीचं उदाहरण देते. चाळ पुनर्विकासाला गेली. आठवड्याभरात खोल्या रिकाम्या होणार होत्या. मजल्यावरच्या चार बिऱ्हाडांचे फोटो काढायचे ठरले, आपापल्या दारात उभं राहून. मागे अंधारी खोली, बाजूला गॅलरीतून येणारं दुपारचं ऊन. अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर, म्हणून सगळ्यांना "श्वास धरा" सांगायचं. शेजारच्या आजींनी पदर सारखा केला, दाराच्या चौकटीला हात लावला आणि तशाच उभ्या राहिल्या. त्या दारात त्या लग्न होऊन आल्या होत्या. हा फोटो परत काढता येणार नव्हता. दारच राहणार नव्हतं.

अशा वेळी शिस्त साधी असते. प्रत्येकाच्या दोन शीट काढायच्या आणि दोन्ही एकाच टाकीत कधीच घालायच्या नाहीत. आपण कोड आधी स्टेजिंगवर टाकतो आणि मग प्रॉडक्शनवर, तसंच. पहिल्या चार शीट २४ अंशांवर ९ मिनिटं धुतल्या. खोलीतला तपशील होता, अगदी मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर आणि फडताळातले डबेसुद्धा दिसत होते. पण गॅलरीच्या बाजूचं ऊन निगेटिव्हवर फार दाट उतरलं होतं. मग दुसऱ्या चार शीट पंधरा टक्के कमी वेळ धुतल्या, साधारण पावणेआठ मिनिटं. खोली तशीच राहिली आणि आजींच्या गालावरचं ऊन आवाक्यात आलं. चौकटीवरचा त्यांचा हात, बोटांच्या सुरकुत्यांसकट, तिथे आहे.

हा निर्णय माझ्या शनिवार रात्रीच्या बाथरूममध्ये झाला. पहिल्या चार शीट दोरीवर वाळत असताना त्या बघून दुसऱ्या चारांचा वेळ मी ठरवला. कुरिअरने पाठवल्या असत्या तर आठही शीट एकाच वेळेत धुतल्या जाऊन आल्या असत्या. घरी धुण्याचा खर्च वाचतो हे खरंच, पण माझ्यासाठी घरी धुवायचं खरं कारण हे आहे.

स्वस्तात शिकायचं असेल तर

सराव महागड्या फिल्मवर करू नका. मेडिकल सप्लायवाल्यांकडे एक्स-रे फिल्म मिळते, ८×१० इंचाची. हिरव्या प्रकाशाला संवेदनशील असलेली फिल्म गडद लाल दिव्यात हाताळता येते, म्हणजे शिकताना आपण काय करतोय ते दिसतं. एका शीटमधून ४×५ चे चार तुकडे होतात. होल्डरमध्ये बसायला कडा एखाद-दोन मिलिमीटर कमी करा. बहुतेक एक्स-रे फिल्मला दोन्ही बाजूंनी रसायन असतं, त्यामुळे ओरखडे पटकन पडतात. सुरळी करू नका. ट्रेच्या तळाशी काच ठेवून एकेक शीट हळू हलवा. आणि लाल रंग तिला दिसत नाही, म्हणून ओठ आणि कुंकू काळपट येतं. पोर्ट्रेट काढण्याआधी समोरच्याला हे सांगून ठेवा.

घरच्यांसाठी आणि नदीसाठी

स्वयंपाकघरातलं जे भांडं फिल्मसाठी घेतलं, ते पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही. रसायन कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ठेवू नका. घरात लहान मूल नसलं तरी पाहुणे येतात. बाटलीवर नाव आणि तारीख लिहा. मेटॉलची काहींना ॲलर्जी होते, म्हणून हातमोजे घाला, आणि पावडर मिसळताना मास्क लावून खिडकी उघडी ठेवा.

वापरलेला फिक्सर गटारात ओतू नका. त्यात फिल्ममधली चांदी विरघळलेली असते आणि ती पाण्यातल्या जिवांना घातक आहे. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिशवाले वापरतात ते साधं लोखंडी स्टील वूल मिळतं. ते फिक्सरमध्ये काही दिवस ठेवलं की लोखंड विरघळतं आणि चांदी गाळ होऊन खाली बसते. भांडी घासायची स्टेनलेसची घासणी इथे कामाची नाही. ओळखीत अजून फिल्मवर काम करणारं एखादं एक्स-रे सेंटर असेल तर तिथे विचारा. त्यांचा फिक्सर चांदीसाठी कोणी नेत असेल, तर तुमचीही बाटली जाईल.

वाळवणं आणि फोन

आंघोळीनंतर बाथरूममध्ये वाफेने धूळ खाली बसते, तेव्हा शीट कोपऱ्याला चिमटा लावून टांगा. पंखा लावू नका. पावसाळ्यात वाळायला रात्र लागू शकते, घाई करू नका. वाळलेल्या निगेटिव्ह सिलिका जेलसोबत डब्यात ठेवा, नाहीतर जिलेटिनला बुरशी लागते.

स्कॅनर नसेल तर फोन आहेच. टॅबलेटवर पांढरी स्क्रीन, तिच्यावर चार-पाच सेंटिमीटर उंचीवर दुधी ॲक्रिलिकचा तुकडा, त्यावर निगेटिव्ह. खोलीत अंधार करा, फोन बरोबर समांतर धरून फोटो काढा आणि ॲपमध्ये रंग उलटे करा. आजींना मी व्हॉट्सॲपवर पहिल्यांदा पाठवलेला फोटो असाच काढलेला होता.

तर या शनिवारी पैसे खर्च करण्याआधी फक्त एक काम करा. रात्री बाथरूमचं दार लावा आणि पंधरा मिनिटं अंधारात बसा. कुठून कुठून उजेड येतो त्याची यादी करून मला पाठवा. सगळ्यात जास्त दिवे कोणाच्या घरात निघतात ते पुढच्या भागात सांगते. भेटूया.